लक्स भरपूर, तरी ब्लाइंड खाली: नैसर्गिक प्रकाश तपासताना या चुका टाळा

अहवालात खोली पास आणि प्रत्यक्षात माणसं भर दुपारी खिडकीचे ब्लाइंड ओढून, दिवे लावून बसलेली. असं दिसलं की दोष माणसांना देऊ नका, आधी तपासणीकडे बघा.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे फक्त टेबलावरचे लक्स (पृष्ठभागावर पडणाऱ्या उजेडाचं एकक) मोजणं. टेबलावर आडव्या ठेवलेल्या लक्समीटरला कागदावर पडणारा उजेड कळतो. समोरची खिडकी डोळ्यांना किती खुपते, ते कळत नाही. ही डोळ्यांना खुपणारी चमक, म्हणजे ग्लेअर, डोळ्यापाशी तपासायचा असतो. बसलेल्या माणसासाठी जमिनीपासून साधारण १.२ मीटरवर, तो बघतो त्याच दिशेला तोंड करून मीटर उभा धरा. जास्त खोलात जायचं तर तिथूनच फिशआय (खूप रुंद दृश्य टिपणाऱ्या) लेन्सने एचडीआर (उजळ आणि गडद दोन्ही भाग नीट टिपणारा) फोटो घेऊन डीजीपी, म्हणजे ‘डेलाइट ग्लेअर प्रॉबॅबिलिटी’ (ग्लेअरचा त्रास होण्याची शक्यता), काढा. तो ०.३५ च्या खाली असेल तर ग्लेअर सहसा जाणवत नाही, ०.४५ च्या वर गेला तर बसवत नाही. खुर्ची फिरवली की हा आकडा बदलतो. त्यामुळे अख्ख्या खोलीचा एकच डीजीपी देणारा अहवाल सरळ परत पाठवावा.

दुसरी चूक डेलाइट फॅक्टरवर, म्हणजे बाहेरच्या उजेडापैकी किती टक्के आत पोचतो या आकड्यावर, थांबण्याची. त्यात आकाश पूर्ण ढगाळ धरलेलं असतं, म्हणून खिडकी उत्तरेला असो वा पश्चिमेला, उत्तर तेच येतं! संध्याकाळचं तिरपं ऊन हिशोबातच नसतं. त्यापेक्षा स्थानिक हवामानाच्या डेटावर संगणकावर खोलीचं मॉडेल करून वर्षभराचं सिम्युलेशन करा. २०१८ च्या ईएन १७०३७ या युरोपीय मानकात वरून उजेड न घेणाऱ्या खोलीसाठी किमान अपेक्षा अशी आहे: दिवसाच्या उजेडाच्या निम्म्या तासांत निम्म्या जागेवर ३०० लक्स, आणि ९५ टक्के जागेवर १०० लक्स.

मॉडेलमध्ये भिंती उगाच पांढऱ्याशुभ्र, काच नवीकोरी आणि खोली रिकामी ठेवली की आकडे फुगतात. फर्निचर, पार्टिशन, खिडकीच्या चौकटींची जाडी हे सगळं घाला.

आणि लोकांना विचारताना ‘उजेड पुरेसा आहे का?’ एवढ्यावर भागवू नका. बहुतेक जण ‘हो’ म्हणून मोकळे होतात. मोजमाप चालू असतानाच, त्याच जागेवर विचारा: आत्ता स्क्रीन नीट दिसतेय का, खिडकीमुळे डोळे बारीक करावे लागतात का, ब्लाइंड शेवटचा कधी वर केला? शेजारी वेळ, आकाश आणि ब्लाइंडची स्थिती लिहून ठेवा. ब्लाइंड अर्ध्या तासाच्या उन्हासाठी खाली येतो आणि कित्येक दिवस तसाच राहतो. सिम्युलेशनमध्ये मात्र तो बऱ्याचदा कायम उघडाच धरलेला असतो.