ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यानात पायी जाताना

हिमाचल प्रदेशाच्या कुल्लू जिल्ह्यातील ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यानात जीपने फिरण्याची सोय नाही, कारण आत रस्ताच नाही. वाघाच्या जंगलांत उघड्या गाडीतून फिरण्याची सवय झालेल्या पर्यटकाने ही गोष्ट निघण्यापूर्वीच मनात पक्की करावी. सुमारे ७५४ चौरस किलोमीटरच्या या उद्यानाची अंतिम अधिसूचना १९९९ साली निघाली आणि २०१४ साली त्याला युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले. येथे जे पाहायचे ते चालत जाऊन गाठावे लागते आणि तिथे बसून पाहावे लागते. यातला दुसरा भागच बहुतेक जण विसरतात.

जाण्यासाठी मे महिना आणि जूनचा पूर्वार्ध किंवा पाऊस ओसरल्यानंतरचा ऑक्टोबर हा काळ चांगला. जुलै-ऑगस्टमध्ये दरडी कोसळतात आणि ओढ्यांना अचानक लोंढे येतात, त्यामुळे ते महिने टाळावेत. मनालीकडे जाणाऱ्या महामार्गावर औटच्या बोगद्याअलीकडे बंजारचा फाटा लागतो. तेथून बंजारमार्गे तीर्थन खोऱ्यातील गुशैणीला पोहोचता येते. उद्यानाच्या पश्चिमेला लागून असलेल्या गावांच्या पट्ट्यात हिंडण्यास परवाना लागत नाही, मात्र मुख्य उद्यानात शिरण्यासाठी तो आवश्यक असतो. वाटेतच साई रोपा येथे वनविभागाचे केंद्र आहे. तेथे ओळखपत्र घेऊन जावे आणि परवान्याचे काम उरकूनच पुढे निघावे. स्थानिक वाटाड्या अवश्य सोबत घ्यावा. उद्यान झाल्यावर येथील गावकऱ्यांचे चराईचे आणि जडीबुटी गोळा करण्याचे परंपरागत हक्क संपले. या डोंगरात ज्यांचे आयुष्य गेले त्यांच्या हाती आपल्या सहलीतून चार पैसे पडावेत, हे मला न्याय्य वाटते. शिवाय कोणत्या कड्यावर सकाळी जनावर असते हे त्यांनाच ठाऊक असते.

पहिल्या भेटीसाठी गुशैणीहून रोल्ला, शिल्ट आणि राखुंडी हा मार्ग योग्य आहे. रोल्लापर्यंतची वाट तीर्थन नदीच्या काठाकाठाने जाते आणि फारशी अवघड नाही. फक्त कडेच्या बिच्छू बूटी या काटेरी लव असलेल्या झुडपाला हात लागू देऊ नये, कारण तिची आग बराच वेळ शमत नाही. खरी परीक्षा पुढे आहे. रोल्ला सुमारे २१०० मीटरवर आणि शिल्ट सुमारे ३१०० मीटरवर आहे, म्हणजे एका दिवसात हजार मीटरांची चढण पडते. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर मुक्कामाची उंची रोज पाचशे मीटरपेक्षा अधिक वाढवू नये, असा सर्वसाधारण नियम आहे. म्हणून शिल्टला दोन रात्री राहावे आणि राखुंडीच्या माथ्यावर दिवसा जाऊन परत यावे. डोकेदुखीबरोबर मळमळ किंवा तोल जाणे सुरू झाले, तर आणखी चढण्याचा विचार सोडून खाली उतरावे.

दर हजार मीटरांमागे तापमान साधारण साडेसहा अंशांनी घटते, त्यामुळे खाली घामाघूम झालेला माणूस वर कुडकुडतो. घाम धरून ठेवणारे सुती कपडे टाळून लोकरीचे किंवा लवकर वाळणारे कपडे एकावर एक घालावेत. बर्फ वितळून येणारे ओढे दुपारनंतर फुगतात. ते ओलांडायचे असतील तर सकाळीच ओलांडावेत.

आता प्राण्यांविषयी. हिमबिबट्या आणि तपकिरी अस्वल येथे आहेत, पण ते दिसतीलच या आशेने येऊ नये. घोरल हा बकरीसारखा डोंगरी प्राणी मात्र धीर धरणाऱ्याला दिसण्याची चांगली शक्यता असते. उजाडण्यापूर्वी समोरचा गवताळ कडा दिसेल अशा जागी बसावे आणि ऊन उतरू लागले की दुर्बिणीने उतार पट्ट्यापट्ट्याने न्याहाळावा. ज्या तपकिरी दगडावरून आपली नजर तीनदा फिरून गेलेली असते, तोच चौथ्या वेळी कान हलवतो. मोनाल या रंगीबेरंगी डोंगरी पक्ष्याचा नर कुरणाच्या कडेला चोचीने माती उकरून कंद शोधत असतो. आपण स्थिर राहिलो तर तो आपले काम चालू ठेवतो, आणि उठलो की पाठीवरचा पांढरा पट्टा दाखवत शीळ घालून दरीत झेपावतो. घनदाट झाडीत मात्र गप्प राहण्याचा नियम थोडा सैल करावा आणि वळणावर बोलत जावे, म्हणजे काळे अस्वल अचानक समोर येण्याचा प्रसंग टळतो. ते दिसलेच तर पळू नये, त्याच्यावर नजर ठेवून हळूहळू मागे सरावे.

सर्वांत दुर्मीळ म्हणजे जुजुराणा हा पक्षी (इंग्रजीत वेस्टर्न ट्रॅगोपन). सगळ्या पक्ष्यांनी आपापले एकेक पीस देऊन त्याला सजवले, अशी कथा येथे सांगतात. २००७ पासून तो हिमाचलचा राज्यपक्षी आहे. रिंगाल बांबूच्या दाट जाळीत राहणारा हा पक्षी सहसा नजरेस पडत नाही, पण विणीच्या काळात, विशेषतः मे महिन्यात, पहाटे नराची साद ऐकू येते. चुकलेले करडू ओरडावे तशी ती असते. ती ऐकू आली तर आवाजाच्या दिशेने झाडीत घुसू नये. वाटेवरच थांबावे आणि जेवढे कानावर पडेल तेवढे ऐकावे.