पुनरावृत्त डीएनए आणि जनुक-नियमन: विश्लेषणात या चुका टाळा

आरएनए-सेक्वेन्सिंगचा (पेशीतला आरएनए वाचून कोणती जनुके चालू आहेत ते मोजण्याचा) डेटा हातात आला की बरेच जण पहिल्याच पायरीला पुनरावृत्त क्रम, म्हणजे जीनोममध्ये पुन्हा पुन्हा येणारे डीएनएचे तुकडे, गाळून टाकतात. 'नंतर बघू' म्हणून वगळलेला हा भाग मानवी जीनोमच्या निम्म्याहून अधिक भरतो. प्रथिनांची माहिती जेमतेम दीड टक्क्यात मावते. याउलट काही जणांना प्रत्येक ट्रान्सपोझॉनमध्ये (जीनोममध्ये जागा बदलू किंवा प्रती पसरवू शकणाऱ्या डीएनए क्रमात) जनुक चालू-बंद करणारी कळ दिसते. दोघांचेही एकच राहून जाते: ठरावीक प्रत, तिच्या जागी बसून, खरोखर काही करते का हे तपासणे.

मास्क केलेली फाइल उघडून न बघणे

रिपीटमास्कर या पुनरावृत्त भाग झाकणाऱ्या (मास्क करणाऱ्या) प्रोग्रामने तयार केलेल्या जीनोम फाइलीत पुनरावृत्त भाग एकतर लहान अक्षरांत असतो, नाहीतर त्याच्या जागी नुसते 'एन' (अज्ञात अक्षर) भरलेले असतात. 'एन'वाल्या फाइलीवर रीड्स (सेक्वेन्सिंगमधून वाचलेले छोटे तुकडे) जुळवले, तर तिथले रीड्स वाया जातात किंवा चुकीच्या जागी जाऊन चिकटतात. लहान अक्षरांची फाइल बरी, पण तुमची मोटिफ (प्रथिन बसण्याचा छोटा ठरावीक क्रम) शोधणारी स्क्रिप्ट फक्त मोठी अक्षरे ओळखत असेल तर निम्मा जीनोम गुपचूप गळतो आणि कुठलाही एरर येत नाही. फाइल उघडून पाहणे एवढाच यावर उपाय.

अनेक जागी जुळणाऱ्या रीड्सना फेकून देणे

सगळ्यात जास्त निष्कर्ष इथे बिघडतात. आलू हा क्रम सुमारे ३०० अक्षरांचा आणि आपल्या जीनोममध्ये त्याच्या दहा लाखांहून जास्त प्रती. त्यातून आलेला १५० अक्षरांचा रीड नक्की कुठला, हे कितीदा तरी सांगताच येत नाही. स्टार हा अलाइनर (रीड्सची जीनोममधली जागा शोधणारा प्रोग्राम) मूळ सेटिंगमध्ये दहापेक्षा जास्त जागी जुळणारा रीड 'जुळला नाही' असे धरतो. बोटाय-२ हा दुसरा अलाइनर समान गुणांच्या जागांमधून एक यदृच्छेने निवडतो. म्हणजे तोच नमुना दोन साधनांतून दोन वेगळ्या गोष्टी सांगतो.

फक्त एकाच जागी जुळणारे रीड्स ठेवू, हा मार्ग सुरक्षित वाटतो. तो तसा नाही. जुन्या प्रतींमध्ये लाखो वर्षांत उत्परिवर्तने साचलेली असतात, त्यामुळे त्या एकमेकींपासून ओळखू येतात. नुकत्याच पसरलेल्या प्रती मात्र हुबेहूब सारख्या असतात आणि सक्रिय असण्याची शक्यता त्यांचीच जास्त. म्हणजे या गाळणीतून नेमके तेच निसटते ज्याच्या मागे आपण असतो. कुटुंबाच्या, म्हणजे एकाच क्रमाच्या सगळ्या प्रतींच्या, पातळीवरचा प्रश्न असेल तर टीईट्रान्स्क्रिप्ट्ससारख्या साधनाने रीड्स प्रतींमध्ये विभागून मोजा. एकाच प्रतीबद्दल बोलायचे असेल तर लांब रीड्स घ्या, किंवा प्रतीची कड ओलांडून शेजारच्या अनन्य क्रमात जाणारे रीड्स तरी दाखवा.

इंट्रॉनमधला आवाज ट्रान्सपोझॉनचा समजणे

लाइन-१ या ट्रान्सपोझॉनच्या कितीतरी प्रती जनुकांच्या इंट्रॉनमध्ये (आरएनएतून नंतर कापून टाकल्या जाणाऱ्या भागात) बसलेल्या आहेत. यजमान जनुकाचा स्प्लाइसिंग (ही काटछाट) न झालेला आरएनए नमुन्यात आला की त्या प्रतीही 'व्यक्त' झाल्यासारख्या दिसतात. जीनोम ब्राउझरमध्ये ती जागा उघडा. कव्हरेज (रीड्सची दाटी) प्रतीच्या आधीपासून सुरू होऊन पुढेही तसेच चालू असेल आणि तंतू (डीएनएच्या दोन धाग्यांपैकी एक) जनुकाचाच असेल, तर श्रेय जनुकाला द्या. त्यासाठी तंतूची दिशा सांगणारी लायब्ररी (सेक्वेन्सिंगसाठी तयार केलेला नमुना) हवी. ती नसेल तर हा वाद डेटावरून मिटत नाही.

पुनरावृत्ती वाढल्या म्हणजेच बिघाड, असे धरणे

फ्रॅजाइल एक्स या आनुवंशिक विकारात हे खरे आहे. एफएमआर१ जनुकाच्या सुरुवातीची सीजीजी पुनरावृत्ती २००च्या पुढे गेली की त्या भागाचे सहसा मिथिलीकरण होते (डीएनएवर मिथाइल गट चिकटतात) आणि जनुक बंद पडते. एफएसएचडी या स्नायुविकाराच्या मुख्य प्रकारात मात्र उलटे घडते. चौथ्या गुणसूत्राच्या टोकाजवळची डी४झेड४ एकके साधारणपणे ११ ते १००च्या दरम्यान असतात. ती १० किंवा त्याहून कमी उरली की क्रोमॅटिन (डीएनए आणि प्रथिनांची गुंडाळी) सैल होते आणि दबलेले डक्स४ जनुक स्नायूत जागे होऊ शकते.

मोजतानाही फसगत होते. सीजीजीचा लांबलचक पट्टा साध्या पीसीआरमध्ये वाढतच नाही. स्त्रीच्या नमुन्यात लहान अॅलील (जनुकाच्या दोन प्रतींपैकी एक) तेवढे दिसते आणि 'दोन्ही सारखेच' असा चुकीचा शेरा पडतो. एकच पट्टी आली की ट्रिप्लेट-प्राइम्ड पीसीआर किंवा सदर्न ब्लॉट (लांब पुनरावृत्ती पकडणारी चाचणी) केल्याशिवाय अहवाल लिहू नये.

क्रम वाचला म्हणजे वागणूक कळली, असे मानणे

पिवळ्या अगूटी उंदरांत केसांच्या रंगाशी संबंधित अगूटी जनुकाच्या अलीकडे आयएपी नावाचा रेट्रोट्रान्सपोझॉन (आरएनएमार्फत स्वतःची प्रत बनवणारा ट्रान्सपोझॉन) घुसलेला आहे. त्यावर मिथिलीकरण कमी असेल तर त्याच्या प्रमोटरमुळे (जनुकाचे वाचन सुरू करणाऱ्या भागामुळे) जनुक भलत्याच ऊतींमध्ये चालू राहते. उंदीर पिवळा आणि लठ्ठ होतो. मिथिलीकरण भरपूर असेल तर त्याचेच जनुकीयदृष्ट्या समान भावंड तपकिरी आणि सडपातळ असते. म्हणून मिथिलीकरणाचा डेटा, आणि तोही योग्य ऊतीतला, सोबत हवाच. पण या एका उदाहरणावरून सगळे आयएपी असेच वागतात असे लिहू नका. त्यांच्या हजारो प्रतींपैकी असे वागणाऱ्या मोजक्याच आहेत.

शेजारी आहे म्हणून नियंत्रक ठरवणे

चिप-सेकचे (प्रथिन डीएनएवर कुठे बसते ते शोधणाऱ्या चाचणीचे) शिखर ट्रान्सपोझॉनवर पडले, जवळ जनुक आहे, झाले एन्हान्सर (जनुकाला चालना देणारा क्रम)! असे किती शोधनिबंध वाचायचे? शिखर एवढेच सांगते की प्रथिन तिथे बसते. तुलनेसाठी जीनोमभरातून कुठलेही तुकडे उचलणेही चुकीचे. जनुकापासूनचे अंतर, जीसी (जी आणि सी अक्षरांचे) प्रमाण आणि लांबी जुळणारे तुकडे घ्या, मग बरीचशी 'समृद्धी' (अपेक्षेपेक्षा जास्त आढळणे) विरून जाते.

२०१६ मध्ये प्रसिद्ध झालेले एमईआर४१ चे काम मला यासाठीच मोलाचे वाटते. या प्राचीन विषाणूजन्य क्रमाच्या काही प्रतींवर स्टॅट१ हे जनुक-नियामक प्रथिन बसते, हे दाखवून संशोधक थांबले नाहीत. एआयएम२ या प्रतिकारशक्तीच्या जनुकाजवळची प्रत त्यांनी क्रिस्पर या डीएनए कापणाऱ्या तंत्राने काढून टाकली आणि इंटरफेरॉन-गॅमा हा प्रतिकारशक्तीचा संकेत दिल्यावर जनुकाला मिळणारी चालना बिघडते हे पाहिले. क्रिस्परआय (डीएनए न कापता क्रम दाबणारी पद्धत) वापरणार असाल तर जागा दाखवणारा गाइड आरएनए किती प्रतींवर बसतो ते आधी मोजा. शेकडो प्रती एकदम दाबल्या गेल्या तर परिणाम कुठल्या प्रतीचा हे सांगता येणार नाही. प्रत काढूनही फरक दिसला नाही, तर लगेच 'निष्क्रिय' लिहू नका. पेशींना योग्य संकेत दिला होता का, आणि त्याच जनुकाला दुसरा एन्हान्सर सांभाळून घेतोय का, हे पाहून मगच निकाल द्या.