जुनं चिनी कपाट विदर्भातल्या घरात कसं टिकवायचं

जुनं चिनी कपाट किंवा पेटी घेत असाल तर एक लक्षात ठेवा, आपल्याकडे वाळवीएवढीच भीती हवेची आहे. मे महिन्यात 45 डिग्रीत लाकूड सुकून आकसते अन् पाऊस लागला का तेच ओल धरून फुगते.

हा फुगण्या-आकसण्याचा हिशोब चिनी कारागिरांनी आधीच केलेला आहे. मिंग काळातल्या (1368 ते 1644) चांगल्या कामात खिळे जवळपास नसतातच, एका लाकडाची जीभ दुसऱ्याच्या खाचेत बसवलेली असते, आणि दाराची मधली फळी चौकटीत नुसती सरकवून ठेवलेली, चिकटवलेली नाही, म्हणजे ती हलली तरी चौकटीला ताण नाही. पुढेही हीच पद्धत चालू राहिली. म्हणून उन्हाळ्यात फळीच्या कडेला फिक्या रंगाची बारीक पट्टी उघडी पडली तर घाबरू नका, आणि वाढयाला तिथे फेविकॉल भरू देऊ नका, खिळा तर नकोच नको. फळी जाम केली का पुढच्या उन्हाळ्यात ती मधातूनच चिरते, मग काही इलाज नाही.

घेताना दार उघडून बघा, बऱ्याच जुन्या कपाटांना बिजागरीच नसते, वर-खाली लाकडाच्याच खुंटीवर दार फिरते. पायांचे तळ बघा, वापरून कमीजास्त झिजलेले पाहिजेत. आतबाहेर एकसारखी चकाकी असली तर मला तरी शंका येते. अन् कोणी झितान लाकूड म्हणून भाव वाढवला तर सावध व्हा, झितान म्हणजे रक्तचंदन, आपल्या बीजाच्याच कुळातलं, भयंकर जड, पाण्यात बुडते. बाजारात जास्त करून एल्म नावाच्या झाडाच्या लाकडाचा माल असतो, तोही चांगलाच, फक्त भाव एल्मचाच द्या.

ठेवायची जागा कूलरच्या झोतासमोर नको, पश्चिमेचं ऊन येते त्या खिडकीजवळही नको. भिंतीपासून चार बोटं पुढे ठेवा म्हणजे मागे वाळवीची मातीची रेघ चढतेय का ते दिसते, आणि सारवलेली जमीन असेल तर पायांखाली फरशीचे तुकडे द्या, नाहीतर ओल सरळ पायात शिरते.

पुसायला कोरडा सुती कपडा बस. रोगणाच्या जुन्या थरावर थिनर, स्पिरिट, पॉलिश पेपर काहीच लावू नका, तो थर गेला का वस्तूची अर्धी किंमत गेली.

पावसाळ्यात दार अडकलं तर रंधा मारायची घाई करू नका, दिवाळीपर्यंत हवा कोरडी होते अन् बहुतेक वेळा दार आपोआप मोकळं होते.