रेव्हिटची कीनोट फाइल सगळ्या प्रोजेक्टना एकच ठेवू नका

रेव्हिट (इमारतींचं मॉडेल आणि ड्रॉइंग करायचं सॉफ्टवेअर) ड्रॉइंगवरच्या टॅगचे नंबर आणि मजकूर ज्या यादीतून घेतं, ती कीनोट फाइल. ऑफिसची एकच कीनोट फाइल सर्व्हरवर ठेवून सगळे प्रोजेक्ट तिलाच जोडायचे, हे सोयीचं वाटतं खरं, पण कुणी ०९.१२ नंबरच्या नोटसमोरचा मजकूर बदलला की जुना प्रोजेक्ट पुढच्या वेळी उघडल्यावर त्यातल्या टॅगवरही नवाच मजकूर येतो आणि साइटवर गेलेल्या ड्रॉइंगशी तो जुळत नाही. म्हणून मास्टर फाइल वेगळी ठेवा, प्रोजेक्ट सुरू करताना तिची कॉपी त्या प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये टाका आणि कीनोटिंग सेटिंग्जमध्ये पाथ रिलेटिव्ह (प्रोजेक्ट फाइलच्या जागेवरून धरलेला) करा.

एकदा वापरलेला नंबर दुसऱ्या नोटला कधीच देऊ नका, नवीन नोट त्या ग्रुपच्या शेवटी टाका, जुनी नको असेल तर तिच्यापुढे ‘वापरू नये’ लिहा. फाइल म्हणजे साधी टेक्स्ट फाइल, प्रत्येक ओळीत नंबर, मजकूर आणि वरच्या ग्रुपचा नंबर, मध्ये टॅब (स्पेस नाही बरं का). एक्सेलमध्ये उघडणार असाल तर नंबरचा कॉलम आधी टेक्स्ट करा, नाहीतर ०९.१० चं ९.१ होतं आणि ते चटकन लक्षातही येत नाही. मराठी नोट्स असतील तर युनिकोडमध्येच सेव्ह करा. प्रोजेक्ट उघडा असताना फाइल बदलली तर रीलोड दाबायला विसरू नका.