चिकट अल्बममधले जुने फोटो कसे सोडवायचे आणि नातेवाइकांना कसे पाठवायचे

पावसाळ्यात हे काम काढू नका. जून ते सप्टेंबर कोल्हापुरात पापडसुद्धा मऊ पडतो, तिथं फोटोची काय कथा! फोटोचा चकचकीत थर जिलेटिनचा असतो. दमट हवेत तो ओल धरतो आणि ज्याला टेकलाय त्याला चिकटून बसतो. दिवाळी होऊ द्या, थंडी पडू द्या. जानेवारीतली कोरडी दुपार सगळ्यात बरी.

आमच्याकडे असे तीन अल्बम होते. त्यात गणपतीपुळे सर्वात जास्त, थोडं मालवण, आणि मध्येमध्ये आमचा कुत्रा मोत्या. सहलीला ३६ फोटोंचा एकच रोल असायचा आणि त्यातले निम्मे आंबा घाट उतरेपर्यंतच संपायचे. त्यामुळे प्रत्यक्ष समुद्राचे फोटो मोजून सात-आठ. त्यातला एक जरी फाटला तरी गेला तो कायमचाच. माझ्या हातून एक फाटलाय, म्हणून हे लिहितोय.

हात धुऊन कोरडे करा, टेबल मोकळं करा, चहा लांब ठेवा. पुढं जे सांगतोय ते पुठ्ठ्याच्या पानावर गोंदाच्या रेघा आणि वर पारदर्शक प्लास्टिक असलेल्या अल्बमबद्दल आहे. ऐंशी-नव्वदच्या दशकात लग्नाच्या आहेरात हमखास यायचा तो. कोपऱ्यात खोचायचे काळ्या पानांचे जुने अल्बम असतील तर तुम्ही नशीबवान. फोटो काढून घ्या आणि हा भाग सोडून द्या.

सगळ्यात आधी, प्लास्टिक न उचलता प्रत्येक पानाचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा. पुढं काही बिघडलं तरी हातात काहीतरी राहतं. ही पायरी मी टाळली होती. प्लास्टिक कोपऱ्याला धरून सरळ वर ओढलं, तर वाळूत बसलेल्या मोत्याचा डावा कान प्लास्टिकला चिकटून वर आला. कानाच्या जागी पांढरा कागद. आत्तीनं बघितलं आणि काहीच बोलली नाही. त्यापेक्षा शिव्या परवडल्या असत्या.

प्लास्टिक वर नाही, मागं न्यायचं. पानाला जवळजवळ टेकून, उलटं दुमडत, बोटभर-बोटभर. फोटोचा दर्शनी भाग प्लास्टिकला धरून आहे असं वाटलं की तिथंच थांबा. तेवढ्या तुकड्याभोवती प्लास्टिक कात्रीनं कापा आणि फोटो तसाच, प्लास्टिकसकट स्कॅन करा. फ्रेमच्या काचेला चिकटलेल्या फोटोलाही हाच नियम. काच पुसा, काचेतूनच स्कॅन करा, ओढायला जाऊ नका.

प्लास्टिक निघालं, आता खालचा गोंद. इथं प्रत्येकाकडे एक सल्ला तयार असतो. कोण म्हणतं ब्लेड घाला. ब्लेड फोटोच्या पोटात जातं. कोण म्हणतं हेअर ड्रायर मारा. कधीकधी गोंद सुटतो, पण माझ्याकडे दोनदा तो पातळ होऊन कागदात मुरला आणि फोटोनं वाटीसारख्या कडा वळवल्या. कोण म्हणतं थिनर. त्या माणसाला अल्बम दाखवूच नका.

दात साफ करायचा फ्लॉस आणा, मेण नसलेला. हातभर तुकडा दोन्ही हातांच्या बोटांना गुंडाळा, फोटोच्या एका कोपऱ्याखाली सरकवा आणि करवतीसारखा मागंपुढं ओढत आत न्या. दोरा पुठ्ठ्याकडे दाबलेला हवा, फोटोकडे नाही. पुठ्ठा थोडा फाटला तर फाटू दे. वाकवायचं झालं तर पान वाकवायचं, फोटो कधीच नाही. वाकलेल्या फोटोवर बारीक चिरा पडतात आणि त्या नेमक्या समुद्राच्या मोकळ्या जागेत दिसतात. एका फोटोला पाच-दहा मिनिटं जातात, जाऊ द्या.

दोराही अडला तर ते पान हवाबंद पिशवीत घालून तासभर फ्रीझरमध्ये ठेवा. गोंद कडक होऊन ठिसूळ होतो. पिशवी बाहेर काढल्यावर लगेच उघडू नका, नाहीतर थंड फोटोवर दव धरेल. पिशवीचा गारवा पूर्ण गेला की उघडा आणि दोरा पुन्हा लावा. एवढं करूनही सुटला नाही तर तो फोटो पानावरच राहू दे. हे शिकायला मला दोन वर्षं लागली.

पुराचे फोटो ही वेगळीच गोष्ट. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी ३९ फुटांवर, म्हणजे इशारा पातळीवर, गेली की आपण गाडी हलवतो, टीव्ही वर नेतो, आणि अल्बम मात्र कपाटाच्या खालच्या कप्प्यात राहतात. २०१९ आणि २०२१ मध्ये कितीतरी घरांत हेच झालं. ओले फोटो गठ्ठ्यानं पंख्याखाली ठेवू नका, वाळले की वीट होते. स्वच्छ गार पाण्यात बुडवून ठेवा, पाण्यातच एकेक सोडवा, पाणी बदला आणि दर्शनी बाजू वर करून सावलीत सुटे वाळवा. घर धुण्यातून वेळ नसेल तर पिशवीत भरून फ्रीझरमध्ये टाका, महिन्यानं बघा. पण दोन दिवसांच्या आत टाका.

स्कॅनिंग सोपं. चार बाय सहा इंचाच्या फोटोला ६०० डीपीआय (इंचाला ६०० ठिपके) पुरे, २४०० बाय ३६०० पिक्सेल मिळतात. स्कॅनर नसेल तर खिडकीजवळ, फ्लॅश बंद, मोबाईल फोटोला समांतर. निगेटिव्ह सापडली तर आधी ती स्कॅन करा, आणि कुणी रद्दीत टाकत असेल तर हात धरा. जुने रंगीत फोटो लालसर दिसतात कारण त्यांतला निळसर रंग बहुतेक वेळा आधी उडतो. तो थोडाच परत आणा. फार ओढलात तर गणपतीपुळ्याचा समुद्र रंकाळ्यासारखा हिरवा होतो.

पाठवताना व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून टाकू नका, तिथं तो दाबला जातो. डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फोटो जास्त असतील तर गुगल फोटोजमध्ये ओरिजिनल क्वालिटी ठेवून शेअर्ड अल्बम करा. फुकटची जागा १५ जीबीच आहे आणि जून २०२१ पासून नवीन फोटो त्यातच मोजले जातात, हे लक्षात ठेवा.

आणि लाटांत उघडी नाचणारी पोरं. आपल्याला ती पोरंच वाटतात. त्यातला एक आता बँकेत मॅनेजर आहे आणि एकीची मुलगी कॉलेजात जाते. असे फोटो ऐंशी माणसांच्या ग्रुपवर टाकायचे नाहीत. ज्याचा आहे त्याला एकट्याला पाठवा, पुढचं तो ठरवेल. ‘घरचीच तर माणसं’ हे मला सांगू नका, घरची माणसंच पुढं ढकलतात.

फाईलला वर्ष, गाव, माणसं असं नाव द्या. वर्ष आठवत नसेल तर कुत्र्याकडे बघा. मोत्या आमच्याकडे १९८८ ते १९९६ होता, त्यामुळे तो दिसला की फोटो त्या आठ वर्षांतला. कॅमेऱ्यानं कोपऱ्यात उमटवलेल्या नारिंगी तारखेवर विश्वास ठेवू नका, ती कुणी लावलेलीच नसायची. मूळ फोटोच्या मागं लिहायचंच तर मऊ शिसपेन्सिलनं, तेही हलक्या हातानं.

अशी एकेचाळीस नावं घालून मी सगळं आत्तीला पाठवलं. संध्याकाळी तिचा फोन आला, ‘अरे खुळ्या, मालवणच्या फोटोतला मोत्या न्हवं, शेजारच्यांचा राजा हाय तो. मोत्याला गाडी लागायची, त्याला आम्ही मालवणला नेलाच न्हवता.’ नऊ फाईलींची नावं आणि वर्षं रात्री बसून बदलली.