लोक बघतील म्हणून अडलंय? मग पळायला अशी सुरुवात करा

पळायचं मनात आहे, बूट आहेत, अर्धा तासही काढता येईल. पाय अडतो तो उंबऱ्यापाशी. कुणीतरी बघेल, पळताना पोट हलताना दिसेल, दोन मिनिटांत धाप लागेल आणि चारचौघांत थांबावं लागेल. ही लाज खरी असते. तिच्यापायी मी दोन वर्षं नुसती ठरवत राहिले, म्हणून तिला हसण्यावारी नेणार नाही.

शेवटी एकदाची बाहेर पडले, तर समोरून दोन माणसं येताना दिसली. माझा वेग आपोआप वाढला. पाठ ताठ, टांगा लांब, चेहऱ्यावर रोजचीच सवय असल्याचा भाव. ती दोघं ओलांडून गेली आणि मी बुटाची नाडी बांधायला खाली बसले. नाडी सुटलेली नव्हतीच. छाती भात्यासारखी हलत होती आणि ठोके कानात ऐकू येत होते. पळणं आपल्याला झेपणारं नाही, असं त्या दिवशी मी ठरवून टाकलं. पुढे बऱ्याच दिवसांनी कळलं की झेपला नव्हता तो वेग, आणि वेग वाढवला होता लाजेने. नवखी माणसं पळणं सोडतात ती बहुतेक याच ठिकाणी. त्यामुळे खाली जे सांगते आहे, त्याचा रोख एकाच गोष्टीवर आहे: लोकांसमोर हळू पळायला शिका.

आधी नजरेचा हिशेब करा

अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात थॉमस गिलोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला होता; तो 2000 साली प्रसिद्ध झाला. एकेका विद्यार्थ्याला बॅरी मॅनिलो या गायकाचं चित्र असलेला टी-शर्ट घालायला लावला. त्या वयात तो घालणं लाजिरवाणं वाटावं, अशीच निवड होती. मग त्याला इतर मुलं बसलेल्या खोलीत पाठवलं. खोलीतल्या निम्म्या जणांनी आपला टी-शर्ट पाहिला असणार, असा घालणाऱ्यांचा अंदाज निघाला. प्रत्यक्षात तो जेमतेम चौथाईच जणांच्या लक्षात आला होता.

म्हणजे कुणीच बघत नाही असं नाही. काही जण बघतातच. पण आपण धरतो त्याच्या निम्मेच, आणि तेही बंद खोलीत समोरासमोर. रस्त्यावरून जाणारा माणूस तर दोन-चार सेकंदांत पुढे निघून जातो.

पहिला आठवडा पळूच नका

आठवड्यात तीन दिवस ठरवा. पळायचे कपडे आणि बूट घालून, जिथे पळायचं आहे त्याच वाटेने वीस मिनिटं चालून या. एवढंच. लाज मोडायची असते ती कपड्यांची, वाटेची, ठरावीक वेळेला दिसणाऱ्या चेहऱ्यांची. दम लागत नसताना ती लवकर मोडते. कुठे चढ आहे, कुठे फरशी उखडली आहे, कुठे गर्दी असते हेही याच फेऱ्यांत कळतं. पहाटेचा एकांत बरा वाटतो, पण अगदी निर्जन आणि अंधारी वाट घेऊ नका.

कपड्यांवर फार वेळ घालवू नका. बुटात पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. मांड्या घासत असतील तर अंगाबरोबर बसणारी, गुडघ्यापर्यंतची चड्डी घाला किंवा पेट्रोलियम जेली लावा. बायकांनी घट्ट बसणाऱ्या स्पोर्ट्स ब्रावर मात्र खर्च करावा. त्याने त्रास वाचतो आणि अवघडलेपणही पुष्कळ कमी होतं.

मग एक मिनिट पळणं, दीड मिनिट चालणं

1996 साली जॉश क्लार्क यांनी अगदी नवख्यांसाठी नऊ आठवड्यांचा एक आराखडा तयार केला. ‘काउच टू फाइव्ह के’ (म्हणजे सोफ्यावरून उठून पाच किलोमीटरपर्यंत) या नावाने तो जगभर पोचला. त्यातला पहिला आठवडा असा: पाच मिनिटं भरभर चाला. मग 60 सेकंद पळा, 90 सेकंद चाला. हे आलटून पालटून वीस मिनिटं, म्हणजे आठ वेळा. आठवड्यात तीन दिवस, मध्ये विश्रांतीचा दिवस सोडून.

लाजणाऱ्या माणसाच्या दृष्टीने यातली मोलाची गोष्ट ते 90 सेकंद आहेत. दमून थांबलं की हरल्यासारखं वाटतं. टायमर वाजला म्हणून चालायला लागलं की ते ठरलेलं काम असतं. म्हणून अंगात दम उरला असला तरी टायमर वाजल्यावर चालाच. समोरून कुणी येतंय म्हणून चालणं टाळू नका.

पुढचा आठवडा जड गेला तर मागचाच पुन्हा करा. नऊ आठवड्यांचे पंधरा झाले तरी काही बिघडत नाही.

वेग: पुरं वाक्य बोलता आलं पाहिजे

पळता पळता आठ-दहा शब्दांचं वाक्य न तुटता मोठ्याने म्हणून बघा. ‘आज परत आल्यावर मला कपाट आवरायचं आहे’ यासारखं काहीही चालेल. मध्येच श्वास घ्यावा लागला तर वेग जास्त आहे. सुरुवातीला हा वेग भरभर चालण्याइतकाच निघेल, आणि तोच बरोबर आहे.

पावलं छोटी टाका, पाय शरीराच्या खालीच पडू द्या. खांदे कानांकडे चढले असतील तर सोडा. मूठ इतकी सैल ठेवा की आत वाळकं पान धरलं तरी चुरगळणार नाही.

आता खरा सराव. समोरून माणूस दिसला की एक लांब श्वास बाहेर सोडा आणि पाऊल आणखी छोटं करा. वेग वाढवायची ओढ तिथेच लागते, म्हणून वेग सोडायचाही तिथेच. मला यालाच सगळ्यात जास्त दिवस लागले. मग एकदा कुणीतरी ओलांडून गेलं आणि पावलांची लय जराही बदलली नाही, हे माझ्या वीसेक पावलांनंतर लक्षात आलं. त्या सकाळी मी नेहमीपेक्षा दोन फेऱ्या जास्त पळले.

कुणी शेरा मारलाच तर आहे त्या वेगाने पुढे जा. पण कुणी मागे येत असेल, त्रास देत असेल, तर तो लाजेचा प्रश्न नाही. सरळ वर्दळीकडे वळा आणि ओळखीच्या कुणाला तरी सांगा.

दुखणं ओळखा

छाती आणि दम काही आठवड्यांत सुधारतात. हाडं आणि स्नायुबंध मागून, सावकाश तयार होतात. म्हणून उत्साह आला तरी विश्रांतीचा दिवस खाऊ नका. पोटऱ्या, मांड्या भरून येणं साहजिक आहे. हे दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त जाणवतं आणि मग ओसरतं. मात्र नडगीवर एकाच जागी बोट दाबल्यावर कळ येत असेल, किंवा प्रत्येक पावलागणिक दुखणं वाढत असेल, तर पळणं थांबवून दाखवून घ्या. छातीत दुखलं, चक्कर आली तर त्याच क्षणी थांबून मदत घ्या. हृदयाचा आजार, मधुमेह असेल किंवा बरीच वर्षं शरीराला हालचाल नसेल, तर सुरू करण्याआधीच डॉक्टरांशी बोला.

सवय लागेपर्यंत

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली यांनी सवयी कशा लागतात याचा अभ्यास केला. एखादी गोष्ट आपसूक होऊ लागायला मधला आकडा 66 दिवसांचा निघाला, पण कुणाला 18 दिवस पुरले तर कुणासाठी अंदाज 254 पर्यंत गेला. एखादा दिवस चुकल्याने फारसा फरक पडला नाही, हेही त्यात दिसलं. तेव्हा एक दिवस हुकला तर पुढच्या ठरलेल्या दिवशी निघा. बुडालेलं भरून काढायला दुप्पट पळू नका.

नोंद ठेवा, पण ती स्वतःपुरती. पळण्याच्या ॲपमध्ये खातं खासगी करा आणि घराजवळची सुरुवातीची जागा लपवा. मी पहिले तीन महिने कॅलेंडरवर नुसती फुली मारत होते. अंतर नाही, वेग नाही.

एकटीने किंवा एकट्याने जमू लागलं की माणसांत जायची इच्छा होऊ शकते. 2004 साली लंडनच्या बुशी पार्कमध्ये 13 धावपटूंनिशी सुरू झालेला ‘पार्करन’ आता अनेक देशांत भरतो. दर आठवड्याला 5 किलोमीटर, विनामूल्य, चालत गेलं तरी चालतं. तिथे एक स्वयंसेवक मुद्दाम सगळ्यांच्या मागून चालत येतो, म्हणजे शेवटचा नंबर त्याचाच असतो. तुमच्या आसपास असं काही भरत असेल, तर आधी एकदा नुसतं बघायला जा आणि मागून येणाऱ्यांकडे लक्ष ठेवा.