पंधरा दिवसांत शाळेचं गेट-टुगेदर? या चुका टाळा

बाहेरदेशी असलेला एखादा वर्गमित्र ग्रुपवर टाकतो, "पुढच्या महिन्यात येतोय, भेटायचं का?" तासाभरात शंभरेक मेसेज पडतात. अंगठे, बदाम, नाचणाऱ्या बाहुल्या. चौथ्या दिवशी ग्रुप पुन्हा सुप्रभातवर येतो आणि भेट बारगळते. हौस सगळ्यांनाच असते, ठरवायला मात्र कुणी पुढे होत नाही.

सगळ्यात जास्त दिवस खाणारी चूक म्हणजे तारीख सगळ्यांना विचारणं. व्हॉट्सअॅपच्या पोलमध्ये १२ पर्याय देता येतात, म्हणून ते द्यायलाच हवेत असं नाही. आम्ही एकदा नऊ तारखांचा पोल टाकला. एकापेक्षा जास्त उत्तरं देण्याची मुभा बंद करायला विसरलो. निम्म्या लोकांनी पाच-पाच तारखांवर टिक केलं, आणि वर एकाने लिहिलं, "मला कुठलीही चालेल, फक्त शनिवार-रविवार नको." आठवडा त्यातच गेला.

हाताशी पंधरा दिवस असतील तर तिघाचौघांनी फोनवर बोलून तारीख पक्की करावी आणि ग्रुपवर थेट सांगावं : शनिवारी, अमुक ठिकाणी, पाच ते नऊ, येणाऱ्यांनी बुधवार रात्रीपर्यंत नाव टाका. पोल हवाच असेल तर दोन तारखा, एकच उत्तर, आणि दुसऱ्या दिवशी निकाल. सगळ्यांना सोयीची तारीख कॅलेंडरात नसते. "आम्हाला विचारलंच नाही" म्हणून दोघं-तिघं रुसतील. रुसू द्या, त्यातलेही एखाददोन जण येतातच. निरोप टाकला की लगेच पिन करा आणि मुदत ३० दिवसांची निवडा. नाहीतर भेटीच्या सकाळी "जागा कुठली रे?" असं विचारणारे सात जण निघतात.

ग्रुप म्हणजे वर्ग, ही दुसरी मोठी चूक. ग्रुपवर नसलेले, मध्येच बाहेर पडलेले, नंबर बदललेले कितीतरी असतात. त्यांना शोधायचा आमचा उपाय साधा होता. तिघांनी बसून हजेरी म्हणायला घेतली. पहिली पाच नावं अडखळत आली, मग बाईंचा सूर सापडला आणि एकोणतिसाव्या नंबरपर्यंत गाडी थांबली नाही. तिथे तिघंही गप्प. तो मुलगा खिडकीपाशी बसायचा एवढंच आठवत होतं. नाव दुसऱ्या दिवशी चौथ्याकडून कळलं.

अशी यादी झाली की फोन वाटून घ्या, माणशी पाच-सहा. "ग्रुपवर टाकलंय की" हे आमंत्रण होत नाही. नंबर जुना असेल तर आधी त्याच्या जवळच्या कुणाकडे तरी चौकशी करा, कारण जो या जगातच नाही त्याच्या घरी हसत-खिदळत फोन जाणं फार वाईट. आणि कुणी "नको" म्हणालं तर कारण खोदू नका. शाळा सगळ्यांनाच गोड गेलेली नसते. ज्याला आपण टोपणनावाने हैराण केलं त्याला ते नाव आजही लक्षात असतं, म्हणून फोनवर पूर्ण नावाने हाक मारा.

जागेबद्दल एवढंच म्हणेन की गाणी वाजत असतील तिथे जाऊ नका. आजूबाजूला गोंगाट वाढला की माणूस नकळत आवाज चढवतो. एतियेन लोंबार या फ्रेंच डॉक्टराने हे १९११ साली नोंदवलं. एकाने आवाज चढवला की शेजारचाही चढवतो, आणि तासाभरात सगळेच ओरडत असतात. जागा ठरवताना आकडा जरा कमीच सांगा आणि ऐनवेळी चार-पाच माणसं वाढली तर चालेल का, ते आधीच विचारून ठेवा. "नक्की येतो" म्हणणारे सगळे येत नाहीत.

पैशांवरून मनं दुखावतात ती बोलून दाखवली जात नाहीत. कुणीतरी हौसेने महागडी जागा सुचवतो, चार जण "मस्त" म्हणतात आणि दोघांना अचानक त्या दिवशी काम निघतं. घाईच्या भेटीत जागा बेताची ठेवा. वर्गणी असेल तर आकडा पहिल्याच निरोपात सांगा, हिशेब एकाकडेच असू द्या. कुणी दिले नाहीत याची यादी ग्रुपवर टाकणं तर मुळीच नको.

कार्यक्रम आखत बसणं हाही वेळेचा अपव्यय. ओळख परेड, मनोगतं, खेळ... माइक हातात आला की वर्गातला सगळ्यात अबोल मुलगासुद्धा वीस मिनिटं सोडत नाही. त्याऐवजी नावाच्या चिठ्ठ्या लावा. चिठ्ठी लावणं पोरकट वाटतं खरं, पण १९७५ मध्ये हॅरी बाह्‌रिक या मानसशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांसोबत ३९२ जणांची वर्गसोबत्यांबद्दलची आठवण तपासली, तेव्हा शाळा सुटून कित्येक वर्षं झालेल्यांनीही जुन्या फोटोंतले चेहरे बहुतेक बरोबर ओळखले. चेहरा पाहून नाव सांगणं मात्र त्यांना पुष्कळच अवघड गेलं. इथे तर चेहरेही बदललेले असतात. चिठ्ठीवर शाळेतलं आडनाव आणि तुकडी लिहा, ठळक अक्षरात, चष्म्याशिवाय वाचता येईल असं.

भेट सुरू झाल्यावर नेहमी अडतं ते एका जागी. जुनी चौकडी कोपरा धरते आणि उशिरा आलेला दारातच मोबाइल काढून उभा राहतो. ठरवणाऱ्यांपैकी एकाने पहिला तासभर दाराशीच थांबावं आणि येणाऱ्याला त्याच्या बाकावरच्या शेजाऱ्यापर्यंत नेऊन सोडावं.

आणि ग्रुप फोटो "शेवटी काढू" म्हणू नका. लांबून आलेले लवकर निघतात. सहाला एक काढा. नंतर कुणी आलं तर पुन्हा उभे राहा, दुसऱ्या फोटोत तसंही सगळे जास्त हसतात.